ऑर्थो वॉर्डातली नर्सिंग: मोडलेल्या हाडाच्या रुग्णाची काळजी, क्रमाने

ऑर्थो पोस्टिंगला येणारे बहुतेक विद्यार्थी फ्रॅक्चरचे प्रकार पाठ करून येतात. ट्रान्सव्हर्स, ऑब्लिक, स्पायरल, कॉमिन्यूटेड, ग्रीनस्टिक. तोंडी परीक्षेत ते विचारतातच, त्यामुळे पाठ असायलाच हवेत. पण रात्री दोन वाजता वॉर्डात ती यादी फारशी कामाला येत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच असतो, की प्लास्टरमधून बाहेर दिसणारी ही पाच बोटं ठीक आहेत ना? हाड कुठे आणि कसं मोडलंय ते एक्स-रे दाखवतो, कसं जोडायचं ते सर्जन ठरवतात. मोडलेल्या जागेच्या पुढे रक्त पोचतंय का, नस (मज्जातंतू) काम करतेय का, हे दर तासाला बघणारं माणूस मात्र एकच असतं, आणि ते म्हणजे ड्युटीवरची नर्स. म्हणून या लेखात प्रकारांना थोडी आणि बोटांना भरपूर जागा दिली आहे.

सोयीसाठी एक रुग्ण डोळ्यासमोर ठेवू. वय २४, मोटरसायकल घसरली, उजव्या नडगीचं हाड मधोमध मोडलं, वरून जखम नाही. हा रुग्ण मुद्दाम घेतला आहे. तरुण पुरुष आणि नडगीचं फ्रॅक्चर ही जोडी वॉर्डात रोज दिसते, आणि पुढे ज्याबद्दल सविस्तर बोलायचं आहे तो कंपार्टमेंट सिंड्रोमही (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून आतला रक्तपुरवठा तुटणं) याच जोडीत सर्वाधिक आढळतो.

कॅज्युअल्टीत: पायाकडे सगळ्यात शेवटी

वाकडा झालेला पाय सगळ्यांचं लक्ष ओढून घेतो. नातेवाईक तिकडेच बोट दाखवत असतात. तुम्ही आधी श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध बघा. गाडीवरून पडलेल्या माणसाची मान दुखावलेली असू शकते, म्हणून डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत कॉलर काढायची नाही आणि त्याला वळवायचं तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी मिळून.

हाड मोडलं की आतल्या आत किती रक्त जाऊ शकतं, याचा अंदाज नवीन मुलांना नसतो. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न दिसता १ ते १.५ लिटर रक्त मांडीत साठू शकतं. कटीचं हाड मोडलं तर २ लिटरहून जास्त. त्यामुळे नाडी १००च्या वर, अंग गार आणि घामेजलेलं, रुग्ण अस्वस्थ, असं दिसलं की रक्तदाब अजून ठीक आहे म्हणून थांबू नका. तरुणांचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो. १६ किंवा १८ नंबरच्या दोन सुया लावा, रक्तगट आणि क्रॉसमॅचसाठी नमुना पाठवा, डॉक्टरांना सांगा.

मग पाय. इथे क्रम असा ठेवा:

१. कपडे काढायचे तर चांगल्या बाजूने आधी. दुखऱ्या बाजूचे कापून काढणं केव्हाही बरं.

२. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी लगेच उतरवा. सूज चढल्यावर जोडवं निघत नाही, आणि ते कापायला निघालं की घरच्यांशी वाद होतो. पहिल्या पाच मिनिटांत समजावलं तर कुणी नाही म्हणत नाही. काढलेले दागिने नातेवाइकांच्या सहीने ताब्यात द्या.

३. जखम असेल तर निर्जंतुक गॉज सलाईनमध्ये भिजवून झाका. रक्त येत असेल तर दाब द्या. बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पहिलं अँटिबायोटिक, दोन्ही ऑर्डरप्रमाणे लवकरात लवकर. उघड्या फ्रॅक्चरमध्ये अँटिबायोटिक पहिल्या तासातच जायला हवं, आणि दिल्याची वेळ केस पेपरवर हवी.

४. आधार देताना मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे स्थिर करा. नडगी असेल तर गुडघा आणि घोटा. आधार बांधण्यापूर्वी आणि बांधल्यावर पायाची नाडी तपासायची. आधी लागत होती आणि नंतर लागत नाही, तर तुमची पट्टी घट्ट झाली.

५. शेवटचं कधी खाल्लं, कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे विचारून लिहा. ऑपरेशनची शक्यता असेल तर तोंडाने काही देऊ नका, आणि बाहेर बसलेल्या आत्या-काकूंनाही तसं सांगा. चहा-बिस्कीट बाहेरूनच येतं.

हाडवैद्याकडून आलेल्या रुग्णाबद्दल थोडं. बांबूच्या कामट्या घट्ट बांधून, लेप लावून, दोन-तीन दिवसांनी आलेले रुग्ण आपल्याकडे अजून येतात. त्यातही कोपराजवळ हाड मोडलेली लहान मुलं. घट्ट बांधलेल्या हाताचं रक्त अडलं की स्नायू मरतात, आखडतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. त्याला फोल्कमनची विकृती म्हणतात. कधीकधी गँगरीन होऊन हात काढावा लागतो. अशा वेळी आईवडिलांवर ओरडण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना बोलवा, त्यांच्या सांगण्यावरून पट्टी सोडा आणि ती सोडतानाची बोटांची स्थिती नीट लिहून ठेवा.

बोटं तपासणं

याला न्यूरोव्हॅस्क्युलर चेक म्हणतात. पुस्तकात सहा ‘पी’ असतात: पेन (दुखणं), पॅलर (फिकटपणा), पॅरेस्थेशिया (मुंग्या), पॅरालिसिस (हालचाल जाणं), पल्सलेसनेस (नाडी न लागणं), पॉइकिलोथर्मिया (गार पडणं). परीक्षेसाठी उत्तम. पलंगाशी उभं राहिल्यावर मात्र वेगळा क्रम सोपा पडतो: विचारा, बघा, हात लावा, दाबा, हलवायला सांगा. आणि दर वेळी चांगल्या पायापासून सुरुवात करा. तुलनेशिवाय ‘गार’ किंवा ‘फिकट’ या शब्दांना अर्थ नाही. थंडीच्या दिवसांत वॉर्डातल्या सगळ्यांचेच पाय गार असतात.

विचारा. ‘दुखतंय का?’ असं विचारू नका. दुखतंच आहे. ‘मघापेक्षा कमी की जास्त? शून्य ते दहात किती? मुंग्या येतात? पाय जड वाटतो की जागाच नाही असं वाटतं?’

बघा. बोटांचा रंग, सूज. फिकट, पांढरट बोटं म्हणजे रक्त पोचत नाही. निळसर, टम्म सुजलेली म्हणजे रक्त परत जात नाही.

हात लावा. तळहातापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला तापमान चांगलं कळतं. दोन्ही पायांना एकाच वेळी लावा. मग नाडी. पावलाच्या वरच्या बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या हाडांमधून वर येताना एक. घोट्याच्या आतल्या उंचवट्याच्या मागे दुसरी. सापडली की पेनाने फुली मारा. पुढच्या ड्युटीवरची मैत्रीण दुवा देईल. स्लॅबमुळे (एका बाजूने कडक असलेलं कच्चं प्लास्टर) एक नाडी झाकली गेली असेल तर तसं लिहा. न तपासता ‘नाडी ठीक’ लिहिणं हा गुन्हाच समजा.

दाबा. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. नेलपॉलिश असेल तर एका बोटाचं तरी पुसा. लग्नसराईत बोटांना मेंदी असते. तिथे रंगावर विसंबू नका, तापमान, नाडी आणि संवेदना यांवर भर द्या.

हलवायला सांगा आणि संवेदना बघा. हा भाग सगळ्यात जास्त वेळा अर्धवट होतो. ‘बोटं हलवा’ म्हटलं, थोडी हलली, की ‘हालचाल आहे’ अशी नोंद होते. कोणती हालचाल, हे महत्त्वाचं. पायात अंगठा वर, म्हणजे चेहऱ्याच्या दिशेने, उचलता आला तर पेरोनियल नस चालू आहे; तिची संवेदना अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बघायची. बोटं खाली दाबता आली तर टिबियल नस चालू; तिची संवेदना तळव्याला. पेरोनियल नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या अगदी जवळून जाते. तिथे प्लास्टरची कड रुतली किंवा पाय बाहेरच्या अंगाला कलून तासन् तास पडून राहिला, तर पाऊल लोंबतं आणि चालताना जमिनीला घासतं. ही इजा पूर्णपणे टाळण्याजोगी आहे.

हाताला तीन नसा. अंगठा मागे उचलता येणं आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात मागच्या बाजूची संवेदना ही रेडियल. अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करणं आणि तर्जनीच्या टोकाची संवेदना ही मीडियन. बोटं फाकवणं आणि करंगळीच्या टोकाची संवेदना ही अल्नर. लहान मूल रडत असेल तर त्याच्याशी दगड-कागद-कात्री खेळा. मूठ म्हणजे मीडियन, उघडा पंजा म्हणजे रेडियल, कात्री म्हणजे अल्नर. शेवटी गोल करून ‘ओके’ दाखवायला लावलं की मीडियनची खोलवर जाणारी शाखाही तपासून होते. मुलाला खेळ वाटतो, तुमची तपासणी होते.

किती वेळा? वॉर्डात आल्या आल्या एकदा, ती तुमची मूळ नोंद. हाड बसवल्यावर, प्लास्टर घातल्यावर किंवा ऑपरेशननंतर सुरुवातीला जास्त वेळा, मग पहिले २४ तास दर तासाला, त्यानंतर सगळं स्थिर असेल तर दर चार तासांनी. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी नियम असेल तर तोच पाळा. रुग्ण झोपला असेल तर उठवायचं. ‘झोपला होता म्हणून तपासलं नाही’ हे कारण इथे चालत नाही, कारण झोपेच्या गोळीखाली दुखणं दबलेलं असू शकतं.

ठणका वाढतोय, इंजेक्शन पुरत नाही

आता आपल्या २४ वर्षांच्या रुग्णाकडे. संध्याकाळी स्लॅब घातली, पाय उशीवर, दुखणं चारवर. रात्री अकराला इंजेक्शन दिलं. एकला तो पुन्हा बोलावतो, दुखणं नऊवर. शेजारच्या पलंगावरचे काका वैतागलेत. एखाद्या वैतागलेल्या स्टाफच्या तोंडून निघून जातं, ‘नाटकं करतोय.’

पोटरीच्या भागात स्नायूंचे चार कप्पे असतात आणि प्रत्येकाभोवती न ताणणारं जाड आवरण. आत रक्त आणि सूज वाढली की जागा होत नाही, दाब वाढतो. आधी बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायू आणि नसांचा रक्तपुरवठा तुटतो. मोठ्या धमनीतलं रक्त मात्र त्याच वेळी वाहत असतं. म्हणून पावलाची नाडी लागते, बोटं गुलाबी दिसतात, आणि आत स्नायू मरत असतो. हे एवढं पक्कं लक्षात ठेवा: नाडी लागते म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम नाही, असं नाही. नाडी जाणं, बोटं न हलणं ही उशिराची लक्षणं. तोपर्यंत थांबलात तर पाय वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

लवकर कळणाऱ्या गोष्टी दोन. इजेच्या मानाने फार जास्त आणि वाढत जाणारं, औषधाला न जुमानणारं दुखणं; आणि तुम्ही हलकेच बोटं वर किंवा खाली ताणली की पोटरीत उठणारी जीवघेणी कळ. पोटरी हाताला दगडासारखी लागते. मुंग्या सुरू झालेल्या असतात. लहान मुलं दुखणं सांगत नाहीत. ती बिथरतात, घाबरतात, आणि त्यांना वेदनाशामक वारंवार लागतं. बेशुद्ध रुग्ण आणि नस बधिर केलेला रुग्ण काहीच सांगणार नाही. तिथे पोटरी दाबून बघणं आणि नोंदी मांडून ठेवणं एवढंच हातात असतं.

संशय आला की:

पहिलं, डॉक्टरांना लगेच फोन. गुळमुळीत बोलू नका. ‘सर, बेड सातचा पेशंट जरा दुखतंय म्हणतोय’ यावर कुणी धावत येणार नाही. असं सांगा: ‘सर, बेड सात, उजव्या नडगीचं फ्रॅक्चर, संध्याकाळी सहाला स्लॅब. अकराला इंजेक्शन दिलं तरी दुखणं चारवरून नऊवर गेलंय. बोटं ताणली की पोटरीत कळ येते, बेचक्यात संवेदना कमी आहे, नाडी लागते. मला कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघावं.’ शेवटची दोन वाक्यं विद्यार्थ्यांना बोलवत नाहीत. वरिष्ठ सिस्टरना सोबत घ्या, पण बोला. दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन.

दुसरं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून बँडेज आणि आतला कापूस दोन्ही अगदी कातडी दिसेपर्यंत कापा. वरचं बँडेज सोडून आतला सॉफ्ट रोल तसाच ठेवला तर उपयोग नाही. रक्ताने भिजून वाळलेला कापूसही आवळतो.

तिसरं, पाय हृदयाच्या पातळीवर आणा. सूज म्हणून आपण एरवी पाय उंच ठेवतो, इथे तेच घातक. उंच ठेवला की आधीच कमी झालेला पुरवठा आणखी घटतो. बर्फही नको.

चौथं, तोंडाने काही नाही, रक्तदाब खाली जाऊ द्यायचा नाही, लघवीचं प्रमाण आणि रंग बघायचा. काळ्या चहासारखी लघवी म्हणजे मरणाऱ्या स्नायूंतून निघालेलं मायोग्लोबिन मूत्रपिंडाकडे चाललंय. प्रत्येक गोष्टीची वेळ लिहा.

निदान मुख्यतः लक्षणांवरच होतं. काही ठिकाणी सुई घालून कप्प्यातला दाब मोजतात. खालचा रक्तदाब आणि हा दाब यांतला फरक ३० किंवा त्याहून कमी आला तर फॅशिओटॉमी, म्हणजे आवरण लांब चिरून मोकळं करणं. हे सहा तासांच्या आत व्हावं अशी धडपड असते. नंतर जखम मुद्दाम उघडी ठेवतात. ती बघून रुग्ण आणि घरचे हादरतात, म्हणून ड्रेसिंग उघडण्यापूर्वी त्यांना सांगून ठेवा.

प्लास्टर

रुग्णांच्या भाषेत कच्चं प्लास्टर आणि पक्कं प्लास्टर. कच्चं म्हणजे स्लॅब, एका बाजूने कडक, बाकी बँडेज. ताज्या इजेला स्लॅबच देतात, कारण सूज वाढायला जागा लागते. सूज उतरल्यावर पक्कं.

मदतीला उभं राहताना पाणी कोमट घ्या, गरम नको. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग होताना स्वतःच उष्णता सोडतं. त्यात पाणी गरम आणि थर जाड असेल तर कातडी भाजते. रुग्णाला आधीच सांगा, ‘थोडा वेळ गरम वाटेल, मग थंड पडेल.’ रोल पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, टोकांकडून हलकेच दाबायचा, पिळायचा नाही. घोटा, टाच आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कापसाचा जादा थर. ओलं प्लास्टर धरायचं ते तळहातांनी. बोटांनी धरलं की खळगे पडतात आणि त्या प्रत्येक खळग्याखाली आत एक फोड तयार होतो.

काही मिनिटांत ते घट्ट होतं, पण पूर्ण वाळायला २४ ते ७२ तास. तोवर पाय उशीवर, उशीला रबरी शीट किंवा प्लास्टिक नको, पंखा चालू, पांघरूण प्लास्टरवर नको. मावशींनाही सांगा, कारण आपुलकीने चादर ओढून देणाऱ्या त्याच असतात. फायबरचं प्लास्टर अर्ध्या तासात कडक होतं, पण आतला कापूस भिजला तर तेवढंच त्रासदायक.

पुढच्या दिवसांत तीन तक्रारी कधीच हसण्यावारी नेऊ नका: एकाच जागी जळजळ, वास, आणि नवीन डाग. जळजळ म्हणजे खाली दाबाची जखम तयार होतेय. आणि ती एक-दोन दिवसांनी आपोआप थांबली तर जास्त काळजी करा. कातडी मेली की दुखणं थांबतं. रक्ताचा डाग दिसला तर कडेने पेनाने रेघ आणि वेळ. तो पसरला तर लगेच कळतं.

खाज सगळ्यांना सुटते. स्वेटरची सुई, पट्टी, कंगवा, झाडूची काडी, जे सापडेल ते आत घातलं जातं. पावडरही ओततात. पहिल्याच दिवशी बजावा, आणि पर्याय म्हणून प्लास्टरवर टिचक्या मारायला सांगा. प्लास्टर काढायची करवत थरथरते, गोल फिरत नाही, म्हणून कातडी सहसा कापत नाही; पण पातं तापून चटका बसू शकतो. मुलांना आधी स्वतःच्या तळहाताशी लावून दाखवा.

ट्रॅक्शन थोडक्यात

हल्ली मांडीच्या हाडात लवकर रॉड घालतात, त्यामुळे ट्रॅक्शनवर, म्हणजे वजन लटकवून पाय ओढून ठेवलेल्या अवस्थेत, महिने काढणारे रुग्ण कमी झाले. तरी ऑपरेशनची वाट बघताना ते लागतंच. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांची स्प्लिंट पहिल्या महायुद्धात त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने आघाडीवर पोचली आणि मांडीचं हाड मोडलेले कितीतरी सैनिक वाचले. तीच स्प्लिंट आजही आपल्या वॉर्डात आहे.

कातडीवरच्या ट्रॅक्शनला सर्वसाधारणपणे ५ किलोच्या आतच वजन, त्याहून जास्त ओढ हवी तर हाडातून पिन. वजन हवेत लटकायला हवं, जमिनीला किंवा पलंगाला टेकलं की ट्रॅक्शन नावापुरतं. दोरी कप्पीच्या खाचेत, गाठ कप्पीत अडकलेली नको. पाऊल पलंगाच्या दांडीला टेकलं असेल तर रुग्ण खाली घसरलाय. बेडपॅन देताना वजन काढायचं नाही. मामा सवयीने उचलतात, त्यांना थांबवा. टाच, माकडहाडाची जागा आणि थॉमसचं कडं बसतं ती जांघ रोज उघडून बघा. पिनच्या जागी प्रत्येक पिनला वेगळा स्वॅब. थोडा पाणीदार स्राव चालतो. लाली, पू आणि पिन सैल होणं हे कळवण्याजोगं.

दुसरा-तिसरा दिवस

मोठं हाड मोडल्यावर २४ ते ७२ तासांत चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात आणि मेंदूत अडकू शकतात. धाप, गोंधळ, आणि छातीवर, काखेत किंवा डोळ्यांच्या आत बारीक लाल ठिपके. ठिपके सगळ्यांना दिसत नाहीत. तरुण रुग्ण रात्री असंबद्ध बडबडायला लागला की ‘दारू सुटली असेल’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. आधी बोटाला ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन घसरलेला दिसला तर ऑक्सिजन सुरू करून डॉक्टरांना बोलवा. दारूचा विचार त्यानंतर.

रक्ताची गुठळी थोडी उशिरा येते. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, ऊब. ती सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप आणि छातीत कळ. म्हणून जागा असेपर्यंत तासातासाला घोटे वर-खाली करायला लावा, पाणी भरपूर, लवकर उठवणं. गुठळी रोखणाऱ्या एनॉक्सापॅरिनची भरलेली सिरिंज देताना आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि नंतर पोट चोळायचं नाही.

खुब्याचं हाड मोडलेली आजी

बाथरूममध्ये घसरली, उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला. एवढं बघून एक्स-रेच्या आधी निदान मनात येतं. इथे हाडापेक्षा वय मोठं संकट. ऑपरेशन शक्यतो पहिल्या ३६ ते ४८ तासांत व्हावं असा प्रयत्न असतो, कारण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, शय्याव्रण आणि गोंधळलेपण एकामागून एक गाठतात.

त्यामुळे काम असं: दर दोन तासांनी अंगाखालची जागा बदलणं, टाचा उशीवर तरंगत्या ठेवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून देणं, दिवसा पडदे उघडे, घरचं एक माणूस जवळ. वेदनाशामक वेळेवर. ‘म्हातारीला कशाला जास्त औषध’ हा चुकीचा समज आहे. न शमलेल्या दुखण्यानेही म्हातारी माणसं भ्रमतात. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर उपाशी ठेवलेल्या आजीला लगेच खायला द्यायला कुणीतरी विचारायला हवं. ते तुम्ही विचारा.

सांधा बदलला असेल आणि मागच्या बाजूने शस्त्रक्रिया असेल, तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय एकमेकांवरून न्यायचा नाही, आत वळवायचा नाही. दोन पायांत उशी. पण ‘९० अंश’ आजींना काय कळणार? त्यांना सांगायचं ते असं: ‘आजी, पाटावर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. देवपूजा खुर्चीवर बसून. संडासला कमोड किंवा खुर्ची. खाली पडलेलं वाकून उचलायचं नाही.’ घरी जमिनीवर गादी घालून झोपत असतील तर पलंगाची सोय घरी जाण्यापूर्वी व्हायला हवी.

एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ. पुढचं फ्रॅक्चर टाळण्याचं औषध सुरू झालंय का, हे बघा. ॲलेन्ड्रोनेट आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. चहाबरोबर घेतलं तर औषध अंगी लागत नाही.

न मोडता दुखणारी हाडं

इथे काही ओळखखुणा पुरेत. सकाळी सांधे अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील आणि वापराने दुखत असतील तर झीज. तासाहून जास्त आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांचे बारीक सांधे सुजलेले असतील तर संधिवात (रूमॅटॉइड). संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकच दिवस. रोज दिलं गेलं तर जीव जाऊ शकतो. औषधाच्या चार्टवर वाराचं नाव लाल शाईने लिहा आणि घरी जाताना रुग्णाकडून तो वार म्हणून घ्या.

ताप आहे आणि मूल एक पाय हलवू देत नाही, तर हाडातला संसर्ग धरून चाला. रक्ताचा कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा. पाठदुखी, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन म्हटलं की मणक्याचा क्षयरोग विसरू नका. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. त्या रुग्णाच्या पायांची ताकद रोज तपासा. पाय लटपटायला लागले किंवा लघवी अडली तर त्याच क्षणी कळवा.

नोंद आणि केअर प्लॅन

‘रुग्ण ठीक, विशेष तक्रार नाही’ ही नोंद कोऱ्या कागदाइतकीच. अशी लिहा: ‘रात्री २.००. उजवा पाय: बोटं गुलाबी, डाव्याइतकीच उबदार, नख दोन सेकंदांत भरतं. घोट्यामागची नाडी लागते. अंगठा वर व बोटं खाली होतात. बेचक्यात व तळव्याला संवेदना आहे. दुखणं ३. बोटं ताणल्यावर कळ नाही.’ एका मिनिटाचं काम. चारला काही बिघडलं तर दोनची ही नोंद सर्जनला वेळ सांगते.

केअर प्लॅनमध्ये विद्यार्थी वेदना पहिली लिहितात. ताज्या फ्रॅक्चरला पहिलं स्थान रक्तपुरवठा आणि नसांना असलेल्या धोक्याचं, मग वेदना, मग हालचालीची मर्यादा, संसर्ग, कातडी, चिंता. परीक्षक क्रम बघतात, आणि मूल्यमापनाच्या रकान्यात ‘उद्दिष्ट साध्य’ऐवजी आकडे शोधतात.

घरी पाठवताना

कुबड्यांची उंची काखेखाली दोन-तीन बोटं जागा राहील अशी, कोपर थोडं वाकलेलं. वजन तळहातांवर, काखेवर नाही. काखेवर रेललं की हाताची नस दबते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. वॉर्डाबाहेरच्या पायऱ्यांवर करवून घ्या, तोंडी सांगून जमत नाही. किती वजन टाकायचं, की अजिबात नाही, हे सर्जनच्या शब्दांत कार्डावर लिहा.

‘पायाचं सूप द्यायचं का?’ हे सगळे विचारतात. आवडत असेल तर द्या, पण हाड भरायला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, अंडी, दूध, मासे. तंबाखू, बिडी, सिगारेट आणि मिश्रीही बंद, कारण निकोटिनने हाड जुळायला उशीर लागतो. मिश्रीला बायका तंबाखू समजत नाहीत, त्यामुळे वेगळं विचारावं लागतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात.

आणि कार्डाच्या मागे, मोठ्या अक्षरांत, कधी लगेच परत यायचं ते: बोटं गार, निळी किंवा बधिर झाली, बोटं हलेनाशी झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, प्लास्टरला वास, डाग किंवा तडा, ताप, पोटरीला नवी सूज, अचानक धाप. धाप लागली तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता १०८. हे वाचून दाखवायचं ते रुग्णाला नव्हे फक्त, तर घरी रात्री त्याच्याजवळ जो झोपणार आहे त्याला.